धूप, ऊद आणि सालई : एका सुगंधी निर्यासाच्या नावाचा इतिहास

१

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ, सेनगाव आणि कळमनुरी या तालुक्यांचा काही भाग काळ्या जमिनीचा नसून मुरमाड टेकड्यांचा आहे. मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवरील अशा कोरड्या, खडकाळ उतारांवर जी पानझडी वने आहेत, त्यांत सालईचे झाड पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. राखी-हिरवट, पापुद्र्यांनी सुटणारी साल, निंबाच्या पानांची आठवण करून देणारी दंतुर पर्णिका आणि उन्हाळ्यातील संपूर्ण निष्पर्णता ही त्याची ओळख होय. सालीला छेद दिला असता तिच्यातून दुधासारखा चीक पाझरतो, काही दिवसांनी तो सोनेरी होऊन घट्ट होतो, आणि निखाऱ्यावर टाकला असता त्याचा सुगंधी धूर निघतो. वनस्पतिशास्त्रात या वृक्षाचे नाव बॉस्वेलिया सेराटा असे आहे.

ख्रिस्ती उपासनेत प्राचीन काळापासून जो धूप जाळला जातो, ज्याचा उल्लेख येशूच्या जन्मकथेत पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी आणलेल्या तीन भेटींपैकी एक म्हणून येतो, तोही बॉस्वेलिया याच प्रजातीतील वृक्षांचा निर्यास आहे. अरबस्तानचा दक्षिण किनारा, सोमालियाचा डोंगराळ प्रदेश आणि इथिओपियाचे पठार ही त्याची प्रमुख स्थाने. म्हणजे हिंगोलीच्या टेकडीवरील सालई आणि धोफारच्या वाळवंटातील धूपवृक्ष हे परस्परांचे निकटचे नातलग होत. असे असूनही आज प्रचारात असलेल्या मराठी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानातील या भेटीला ‘ऊद’ असे म्हटले आहे. ‘ऊद’ हा शब्द मुळात अरबी; त्याचा मूळ अर्थ लाकूड, आणि विशेष अर्थ अगरूचे सुगंधी लाकूड. मराठी बाजारात मात्र ऊद म्हणून जे विकले जाते ते बहुधा सुमात्रा बेटाकडील एका निराळ्याच वृक्षाची राळ असते. अर्थात एका शब्दाच्या पोटी तीन देशांतील तीन झाडे आली आणि चौथे, जे दारात उभे आहे, तेवढे बाहेर राहिले.

हे कसे घडले, याचा भाषेच्या अंगाने शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाही. स्थानिक वनस्पतींपासून चर्चमधील धूप तयार करता येईल काय, असा विचार जेव्हा एखादी मंडळी किंवा एखादा वनोपजसंघ करील, तेव्हा त्याला प्रथम हे ठरवावे लागेल की आपण कोणत्या द्रव्याविषयी बोलत आहोत. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : मराठी ख्रिस्ती जीवनात जेथे धूप ही वस्तू होती तेथे मराठी शब्दाची गरज नव्हती, आणि जेथे मराठी शब्द घडविला गेला तेथे ती वस्तूच वापरात नव्हती. या दोहोंची गाठ पडली ती अगदी अलीकडे, १९६० नंतरच्या दशकात.

२

प्रथम जुन्या नावांचा विचार करू. संस्कृतात या झाडास ‘शल्लकी’ किंवा ‘सल्लकी’ आणि त्याच्या निर्यासास ‘कुंदुरु’ असे म्हणतात. अमरकोशात सल्लकीच्या पर्यायांत ‘कुंदुरुकी’, ‘सुरभी’ आणि ‘गजभक्ष्या’ ही नावे आहेत. शेवटचे नाव हत्तीला या झाडाचा पाला आवडतो या निरीक्षणावरून आले आहे. कोशकाराने झाड व त्याचा निर्यास यांचा संबंध ‘कुंदुरुकी’ या एका शब्दातच सांगून ठेवला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

‘सल्लकी’पासून प्राकृतात ‘सल्लई’ आणि तीवरून मराठीत ‘सालई’ हे रूप सिद्ध झाले. स्वरमध्यस्थ ककाराचा लोप आणि द्वित्व व्यंजनाच्या सुलभीकरणाबरोबर पूर्वस्वराचे दीर्घीकरण हे दोन्ही विकार मराठीच्या इतिहासात सर्वपरिचित आहेत. येथे आणखी एक सूक्ष्म पुरावा आहे. संस्कृतातील स्वरमध्यस्थ एकेरी लकाराचा मराठीत ‘ळ’ होतो, जसे फल–फळ, काल–काळ, बल–बळ. द्वित्व लकाराचा मात्र ‘ल’च राहतो, जसे पल्लव–पालवी, कल्य–काल. ‘सालई’ या शब्दातील ‘ल’ हा या नियमाला धरून आहे. क्वचित ‘साळई’ असेही रूप आढळते. त्यातील ‘ळ’ नियमाने सिद्ध होत नाही, तो सादृश्याने आला असावा. तात्पर्य, ‘सालई’ हा शब्द कोशातून उचललेला नाही, तो बोलणाऱ्यांच्या तोंडून अखंड परंपरेने आलेला तद्भव आहे. झाडाचे नाव लोकांनी कधीच सोडले नाही.

निर्यासाच्या नावाची गोष्ट वेगळी झाली. जैनांच्या अर्धमागधी आगमांत राजभवनांच्या वर्णनात कालागरू, कुंदुरुक्क आणि तुरुक्क या तीन धूपद्रव्यांची नावे वारंवार एकत्र येतात. यांपैकी अगरू पूर्वेकडील अरण्यातले; तुरुक्क म्हणजे संस्कृत ‘तुरुष्क’, पश्चिमेकडून येणारे. अमरकोशात या तुरुष्काचा एक पर्याय ‘यावन’ असा आहे, त्यावरून त्याचे परदेशीपण उघड होते. कुंदुरु तेवढे या देशात सर्वत्र मिळणारे. फारसी व अरबीतील ‘कुंदुर’ या शब्दाशी त्याचा संबंध स्पष्ट आहे. ऋण कोणी कोणाकडून घेतले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु हा शब्द मराठी बोलीत उतरला नाही. तो वैद्यांच्या पोथ्यांत राहिला. गावात त्या वस्तूला ‘सालईचा डिंक’ म्हणतात आणि जडीबुटीच्या व्यापारात ‘सालई-गुग्गुळ’. पैकी गुग्गुळ हे वास्तविक दुसऱ्याच एका काटेरी झुडुपाच्या निर्यासाचे नाव होय. ते झुडूप मुख्यतः गुजरात व राजस्थान यांच्या रुक्ष प्रदेशात वाढते आणि आज ते अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणले जाते. म्हणजे आपल्या घरच्या निर्यासाला आपण एक तर स्वयंपाकघरातल्या डिंकाच्या रांगेत बसविले, नाहीतर परप्रांतातील झाडाच्या नावाने विकावयास काढले.

‘डिंक’ या शब्दाने झालेला घोटाळा क्षुल्लक नाही. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, जळताना त्याला सुगंध येत नाही, आणि तो लाडवांत घालतात. राळ पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते व जळते. सालईच्या निर्यासात हे दोन्ही घटक असून त्यांशिवाय एक सुगंधी तेलही असते. या मिश्र द्रव्यासाठी संस्कृतात ‘निर्यास’ हा व्यापक शब्द होता. बोली मराठीत तसा शब्द नाही. त्यामुळे ‘डिंक’ म्हटले की त्या वस्तूचे सुगंधित्व श्रोत्याच्या मनातून नाहीसे होते.

याचा अर्थ मराठी प्रदेशात धूपविद्या नव्हती असा नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये धूपाचे स्वतंत्र प्रकरण आहे, ही कल्याणी मराठवाड्याला लागूनच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञातकर्तृक ‘गंधवाद’ या दोन ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ‘गंधवादा’वर जुनी मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत प्रसिद्ध झाले. मराठीला सुगंधद्रव्यांची परिभाषा अपरिचित नव्हती. ती परिभाषा व रानातील झाड यांच्यामधला दुवा तेवढा क्षीण झाला होता.

३

आता बाहेरून आलेल्या शब्दांकडे वळू. हिब्रू भाषेत धूपाच्या या निर्यासाला ‘लेबोना’ म्हणतात. त्याच्या मुळाशी पांढरेपणाचा अर्थ असलेला धातू आहे. त्याच धातूपासून अरबीत ‘लुबान’ झाला. ग्रीक ‘लिबानोस’ हा शब्द याच सेमिटिक शब्दावरून आला, आणि अरबी ‘अल्‌-लुबान’वरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘ओलिबानम’ रूढ झाला. सर्वत्र मूळ कल्पना एकच, झाडाच्या पांढऱ्या दुधाची.

हाच ‘लुबान’ फारसीच्या द्वारे हिंदुस्थानीत व दख्खनीत ‘लोबान’ झाला. परंतु तो येथे पोचेपर्यंत त्याचा अर्थ पालटला होता. अरब व्यापारी सुमात्रा बेटावरील एका राळेस ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडील लुबान, असे म्हणत; चौदाव्या शतकात इब्न बतूताने हे नाव नोंदविले आहे. युरोपात या नावातील आरंभीचे अक्षर गळून ‘बेंझॉइन’ हा शब्द तयार झाला. भारतात उलट झाले. येथे ‘जावी’ हे विशेषण गळाले आणि नुसता ‘लोबान’ उरला. म्हणून दर्ग्यात गुरुवारी जो लोबान जाळतात तो सामान्यतः बेंझॉइन असतो. मराठीत ‘ऊद’ या शब्दाचेही असेच स्थलांतर झाले. मूळचे अगरूचे लाकूड महाग; त्याची जागा राळेने घेतली आणि नाव तिला चिकटले. ‘उदबत्ती’ या समासात अरबी ऊद व संस्कृत वर्तीपासून आलेली बत्ती एकत्र नांदतात, आणि पुष्कळदा उदबत्तीत ऊदही नसतो व अगरूही नसतो. लाकडाचे नाव राळेला, अरबस्तानचे नाव सुमात्राला, अशी ही नावांची अदलाबदल आहे.

या अदलाबदलीमागे व्यापाराचा एक जुना प्रवाह आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तगर (म्हणजे आजचे तेर) या मराठवाड्यातील दोन पेठांचा माल गाड्यांनी भडोचास जात असल्याचे वर्णन आहे. त्याच ग्रंथात भडोचकडील जहाजे अरबस्तानच्या धूपकिनाऱ्यावर मुक्काम करीत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन धूप घेत, असेही सांगितले आहे. ज्या देशात कुंदुरु होता त्या देशाने समुद्रापलीकडचा लुबान विकत घ्यावा, यात विसंगती नाही. अरबी निर्यास अधिक स्वच्छ व अधिक सुवासिक मानला जाई. परंतु परदेशी मालाबरोबर परदेशी नावही येते, आणि ते प्रतिष्ठित ठरते. घरच्या वस्तूचे नाव मग घरापुरते उरते.

४

मराठीत ख्रिस्ती ग्रंथरचनेचा प्रारंभ गोव्यात झाला. १५७९ मध्ये तेथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. ज्या चर्चमध्ये धूप जळत होता त्या चर्चची ही मराठी होती. ही परंपरा अखंड राहती तर आपल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित सतराव्या शतकातच मिळते. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या उच्छेदाचा हुकूम काढला आणि तो प्रवाह खंडित झाला. पुढे कॅथलिकांची उपासना सर्वत्र लॅटिनमध्येच चालत राहिली. वेदीपुढे धूप घालणाऱ्या धर्मगुरूस त्या द्रव्याचे मराठी नाव उच्चारण्याचा प्रसंगच येत नव्हता.

दुसरीकडे मराठी बायबलाची घडण झाली ती सेरामपूर आणि मुंबई येथे. विल्यम कॅरी यांनी मराठी पंडितांच्या साहाय्याने केलेला नव्या कराराचा अनुवाद १८११ मध्ये सेरामपूरला पूर्ण छापला गेला, आणि अमेरिकन मराठी मिशनने आपला नवा करार १८२६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केला. कॅरी बॅप्टिस्ट होते. अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. या दोन्ही पंथांच्या उपासनेत धूप जाळीत नाहीत. मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तीही स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनची. जुन्या करारातील धूपवेदीचे वर्णन या सर्वांनी श्रद्धेने वाचले, पण निखाऱ्यावर ते द्रव्य कधी टाकले नाही. जो शब्द केवळ वाचावयाचा असतो त्याची वस्तूशी पडताळणी होत नाही. बाजारात रूढ असलेला आणि वाचकाला सुगंधी धुराची कल्पना आणून देणारा ‘ऊद’ त्या कामास पुरेसा होता. अनुवादकांना यात दोष देण्याचे कारण नाही. कारण बायबलाच्या अनुवादाचे काम वनस्पतींची सूची करणे हे नव्हे.

तथापि ज्ञानाच्या इतिहासातील एक योगायोग येथे नमूद करावासा वाटतो. एच. टी. कोलब्रुक यांनी १८०७ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या नवव्या खंडात धूपाच्या निर्यासावर एक लेख लिहिला. अमरकोशातील कुंदुरुकी, वैद्यांचा कुंदुरु आणि रानातील सालई ही एकच वनस्पती आहे, असे ठरवून तिचे वर्णन त्यांनी रॉक्सबर्ग यांच्या आधारे दिले. पुढल्याच वर्षी कोलब्रुक यांची अमरकोशाची आवृत्ती सेरामपूरलाच छापली गेली. कॅरी हे स्वतः वनस्पतिशास्त्राचे मर्मज्ञ. रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील महाग्रंथ १८२० पासून त्यांनीच सेरामपूरहून प्रसिद्ध केला. म्हणजे कोश, वनस्पतिग्रंथ आणि मराठी नवा करार ही तिन्ही एकाच छापखान्याशी निगडित होती. ‘कुंदुरु’ हा शब्द आणि धूपाची ती भेट यांच्यात एका भिंतीचेच अंतर होते. ते ओलांडले गेले नाही, कारण ओलांडण्याची गरज कोणाला भासली नाही.

५

कोलब्रुक यांच्या मताचा दुसरा अर्ध मात्र टिकला नाही. युरोपातील चर्चमध्ये जळणारा ओलिबानम हा भारतातील सालईचाच निर्यास आहे असे त्यांनी मानले, आणि पुढे काही दशके युरोपीय औषधिग्रंथांत ते गृहीत धरले गेले. हे दुरुस्त झाले ते मुंबईत. बॉम्बे आर्मीचे शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी १८४० नंतरच्या दशकात अरबस्तानच्या किनाऱ्याच्या सर्वेक्षणात धूपवृक्ष प्रत्यक्ष पाहिला व त्याचे वर्णन केले. बेळगाव येथे जन्मलेले आणि मुंबईत दीर्घकाळ काम केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८७० मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात बॉस्वेलिया प्रजातीवर निबंध प्रसिद्ध करून अरबी-आफ्रिकी जातींचे वेगळेपण दाखविले. एका जातीस त्यांनी कार्टर यांचेच नाव दिले.

ही गोष्ट मुंबईत उलगडावी यास कारण होते. एकोणिसाव्या शतकात सोमाली व अरबी धूप प्रथम मुंबई बंदरात उतरत असे. तेथे त्याची प्रतवारी होऊन तो युरोप व चीन यांच्याकडे पुन्हा रवाना होई. मुंबईच्या गोदामांतून निघणारा माल भारताचा आहे असे दूरच्या खरेदीदारास वाटले तर नवल नाही. मराठी मुलखाच्या राजधानीतून जगाच्या चर्चचा धूप जात होता, आणि त्याच मुलखाच्या आतील टेकड्यांवर त्याचे भावंड उभे होते. दोहोंचा संबंध मराठी वाचकापर्यंत पोचला नाही.

सालईचा विचार पुढे झाला तो उद्योगधंद्याच्या दृष्टीने. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत पिअर्सन आणि पूरण सिंह यांनी सालईच्या निर्यासापासून टर्पेंटाइन, राळ व डिंक वेगळे काढण्याचे प्रयोग केले. पूरण सिंह हे पंजाबीतील थोर कवी म्हणूनही प्रसिद्ध आहेत. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या सीमेलगत नेपानगर येथे वृत्तपत्री कागदाचा कारखाना निघाला. त्याचा कच्चा माल बांबू व सालईचे लाकूड हा होता. अलीकडील काळात सांधेदुखीवरील औषध म्हणून ‘शल्लकी’ हे संस्कृत नाव पुन्हा व्यवहारात आले आहे. खोके, काड्यापेट्या, कागद, टर्पेंटाइन, औषध असे सर्व उपयोग सालईने पाहिले. ज्या उपयोगावरून तिला ‘सुरभी’ हे नाव मिळाले, तोच मागे पडला.

६

स्थानिक निर्यास चर्चच्या वेदीवर चालत नाही असा समज कोणाचा असेल तर त्याला इतिहासाचा आधार नाही. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये त्या देशातील बॉस्वेलियाच्या जातीचाच धूप वापरला जातो. त्याहून जवळचे उदाहरण केरळचे. तेथील सुरियानी ख्रिस्ती परंपरेत धूपाला ‘कुंतिरिक्कम्’ म्हणतात. हा शब्द ‘कुंदुरुक’ या संस्कृत शब्दाचेच मल्याळी रूप आहे, आणि त्या नावाने तेथे सालईचा किंवा सह्याद्रीतील काळ्या धूपवृक्षाचा निर्यास वापरतात. केरळात हे का घडले? कारण तेथील ख्रिस्ती समाज धूप जाळणारा होता आणि तो बाजारहाट मल्याळममध्ये करीत होता. वस्तू व शब्द एकाच हातात होते. मराठीत ते दोन निराळ्या हातांत होते, हाच काय तो फरक.

रोमन परंपरेचा नियमही या दृष्टीने पाहावा. पोप आठवे क्लेमेंट यांनी १६०० मध्ये प्रसृत केलेल्या बिशपांच्या विधिग्रंथात असे सांगितले आहे की धूपद्रव्य शुद्ध व सुवासिक निर्यास असावे. त्यात इतर काही मिसळल्यास निर्यासाचे प्रमाण त्या इतर द्रव्यांहून पुष्कळ अधिक असावे. येथे देशाचे बंधन नाही, द्रव्याचे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविषयक घटना संमत केली आणि लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. त्यानंतर २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतातील बिशपांच्या विनंतीवरून उपासनेतील बारा अनुकूलनांना मान्यता दिली. त्यांत धूपाचा वापर अधिक करावा आणि साखळीच्या धूपपात्राऐवजी मुठीचे साधे धूपपात्र चालावे, असे एक कलम आहे. या वर्णनाच्या पात्रास मराठीत शब्द शोधावा लागत नाही. ते म्हणजे धुपाटणे. तेल-तूप दोन्ही गमावून हाती धुपाटणे आल्याची म्हण मराठी माणूस हसत सांगतो. पण १९६९ मध्ये मराठी भाषिक चर्चच्या हाती धुपाटणे आले ते काही गमावून नव्हे. पात्राचे मराठी नाव असे सहज मिळाले. पात्रात घालावयाच्या द्रव्याचे नाव मात्र अजून ‘ऊद’ किंवा नुसते ‘धूप’ एवढेच आहे. हिंगोलीसह मराठवाड्याचे जिल्हे ज्या कॅथलिक धर्मप्रांतात येतात, तो औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. म्हणजे तो या अनुकूलनांनंतरचा, आरंभापासून मराठीत उपासना करू शकणारा आहे.

७

हिंगोलीच्या परिसरातील वनस्पतींपासून असा धूप तयार करावयाचा तर मुख्य द्रव्य सालईचा निर्यास हेच असावे लागेल. रूढ पद्धती अशी आहे : पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून पुढील उन्हाळ्यापर्यंत, प्रौढ झाडाच्या सालीचा पातळ पट्टा काढतात. झाडाचा घेर निदान ९० सेंटिमीटर असावा, असा संकेत आहे. काही दिवसांच्या अंतराने जखम थोडी ताजी करतात. जमलेला चीक बांबूच्या टोपल्यांत सुमारे महिनाभर ठेवतात. पातळ रस निथळून जातो व घट्ट भाग उरतो. एका झाडापासून वर्षाला साधारण एक किलोच्या आसपास निर्यास मिळतो. साल, माती व काटक्या निवडून काढणे हे यातील सर्वांत वेळखाऊ काम आहे, आणि अरबी धूपाच्या तुलनेत सालईचा माल कमी प्रतीचा ठरतो तो बहुतांशी या निवडीतील हयगयीमुळे.

गंधाचाही भेद आहे, तो लपवू नये. अरबी जातीच्या तेलात अल्फा-पायनीन हा घटक प्रमुख असतो, सालईच्या तेलात अल्फा-थुजीन. सालईचा धूर हलका, किंचित टर्पेंटाइनची आठवण देणारा असतो. त्याला खोली कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी परंपरेने ज्या मुळ्या वापरल्या त्या याच भागात मिळतात. ओलसर शेतातील नागरमोथा, नाल्याकाठचा वाळा आणि कचोरा यांचे वस्त्रगाळ चूर्ण, तसेच चंदनाचा भुसा, ही ती द्रव्ये होत. विधिग्रंथाचा दंडक पाळावयाचा तर चार भाग निर्यासाला या सर्वांचा मिळून एक भाग पुरे. निर्यास उष्णतेने मऊ पडतो, म्हणून तो थंडीच्या दिवसांत सकाळी कुटावा. त्यातील डिंकाचा अंश पाण्याच्या शिपक्याने चिकट होतो व चूर्णास धरून ठेवतो. निराळा चिकटा लागत नाही. ज्वारीएवढे कण करून ते सावलीत सावकाश वाळवावेत. उन्हात वाळविल्यास सुगंधी तेल उडून जाते. उदबत्तीसाठी लागणारी मैदालकडी येथे अनावश्यक आहे, कारण हा धूप स्वतः जळत राहावयाचा नसून निखाऱ्यावर ठेवावयाचा आहे.

कचोरा हा हळदीच्या कुळातला. आणि हळद हे तर वसमतचे मुख्य धन. ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या घटनेत आपल्या विषयास लागू पडणारा एक धडा आहे. हळद पूर्वीही तीच होती. पण तिच्या नावास मान्यता मिळाल्यामुळे दुसऱ्या गावची हळद त्या नावाने विकली जाण्यास अटकाव करता येतो. ‘सालई-गुग्गुळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निर्यासास ही सोय नाही. स्वतःचे नाव नसलेल्या मालाची प्रत कोणी ठरवीत नाही, आणि प्रत न ठरलेल्या मालाचा भाव दलाल ठरवितो.

८

यात जे पणास लागले आहे ते केवळ कोशातील एक नोंद नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी वनात राहणाऱ्या समाजांकडे सोपविली आहे. हिंगोली जिल्ह्यात आंध समाजाची वस्ती आहे. या परिसरातील वनांशी त्या समाजाचा जुना संबंध आहे. निर्यास कोणाचा, हे कायद्याने सांगितले. तो काय आहे, हे भाषेने सांगावयाचे आहे.

दुसऱ्या बाजूस झाडाचे रक्षण आहे. आफ्रिकेतील धूपवृक्षांच्या एका प्रमुख जातीविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासात असे दिसून आले की बहुतेक ठिकाणी जुनी झाडे उभी आहेत, पण रोपे वाढत नाहीत. चराई, वणवे आणि वारंवार दिलेले छेद ही त्याची कारणे, आणि येत्या वीस वर्षांत धूपाचे उत्पादन निम्म्यावर येण्याचा संभव. सालईलाही हाच धोका आहे. छेदामागून छेद दिल्यास झाडाला फळ-बी धरत नाही. तेव्हा स्थानिक धूपाचा पुरस्कार करणाऱ्याने झाडास विसाव्याची वर्षे देण्याचा नियम प्रथम मान्य करावा. चर्चची गरज वस्तुतः थोडी असते; सणावारी मूठभर कण पुरतात. अशी थोडी, नियमित आणि गुणवत्तेची पारख असलेली मागणी ही औषधी कारखान्याच्या मोठ्या मागणीपेक्षा झाडाला अधिक सोसवणारी आहे.

भाषाभ्यासकाच्या वाट्याला यातील जे काम येते ते मर्यादित पण निश्चित आहे. औंढा, सेनगाव व कळमनुरी तालुक्यांतील वस्त्यांतून झाडाची, चिकाची, छेदाची, टोपलीची आणि निथळलेल्या रसाची नावे बोलणाऱ्यांकडून नोंदवून घ्यावीत. जुन्या मराठी वैद्यकग्रंथांतील व ‘गंधवादा’च्या टीकेतील शब्दांशी ती ताडून पाहावीत. ‘ऊद’ हा शब्द बायबलात दीर्घ काळ वाचला गेला आहे. तो काढून टाकावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु सालईच्या निर्यासाला ‘कुंदुर’ हे नाव मराठीत पुन्हा चालू करण्यास कोणतीच अडचण नाही. केरळात ते चर्चच्या दारात कधीच पुसले गेले नाही, वैद्यकात ते आहे, आणि आपल्या प्राकृतातही ते होते. धुपाटणे आपल्याजवळ आहे, निखारा आहे, सालई आहे. त्यांत जे घालावयाचे त्याला त्याच्या नावाने हाक मारता आली, म्हणजे ते कोठून आणावयाचे व कोणाला किती मोल द्यावयाचे, हे ठरविणे सोपे जाईल.